सारिकानं मागून घेतलेली बाजू

गेल्या शनिवारी आमच्याच विद्यार्थिनीनं, आमच्याच कॉलेजात, पुण्याच्या पाहुण्यांसमोर आमचे वाभाडे काढले... आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. थांबा, नीट सांगते.

मी मुळशी तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात मराठी शिकवते. यंदा आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा आमच्याकडे होती. विषय, 'आयुष्य घडायला नामांकित कॉलेज लागतंच'. प्रत्येक कॉलेजचे दोन स्पर्धक, एकानं बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात.

वादविवादातला आमचा हुकमी एक्का म्हणजे सारिका. ताम्हिणीहून रोज एसटीनं येते, वडिलांचा घाटात ढाबा आहे. मी तिला साहजिकच विरोधात बोलायला सांगितलं. खेड्यातली मुलगी उभी राहून 'कॉलेज नाही, जिद्द मोठी' म्हणाली की परीक्षक पाघळतात, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालंय!

तर ही बया म्हणते, "मॅडम, मी बाजूनं बोलते."

म्हटलं, डोकं फिरलं का तुझं? यजमान आपण, आणि आपल्याच घरात आपल्याच कॉलेजला नावं ठेवणार? तेव्हा कुठे तिनं खरं कारण सांगितलं.

तिची धाकटी बहीण पूनम यंदा बारावीला आहे. पोरगी अशी हुशार, की पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या कॉलेजात नंबर लागेल. पण वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ठरवून टाकलेलं... दोघी बहिणी एकाच एसटीनं जातील, कॉलेजं काय सगळी सारखीच. सारिकानं घरी तोंड उघडलं की 'तुला काय कमी पडलं?' म्हणून विषय बंद.

"अण्णा स्पर्धेला येणार हायेत, मॅडम. घरी ऐकून घेत न्हाईत. हितं मधेच उठून तर जाणार न्हाईत."

मग काय, दिली बाजू.

स्पर्धेच्या दिवशी पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजचा मुलगा विरोधात फार सुरेख बोलला. कॉलेज कुठलंही असो, माणसात जिद्द हवी वगैरे. टाळ्यांचा कडकडाट! आमचे प्राचार्य खूश... आणि शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसलेले अण्णासुद्धा जोरजोरात मान डोलावत होते. म्हटलं, संपलं पूनमचं.

मग सारिका उठली. "तुम्ही जिथे बसलाय ना, ती आमची लायब्ररी आहे. आज खुर्च्या मावाव्यात म्हणून कपाटं व्हरांड्यात काढलीत."

हशा पिकला. मला काही हसू येईना, प्राचार्यांना तर नाहीच नाही.

पण पुढे ती रडली नाही, की कुणावर चिडली नाही. आमचे शिक्षक जीव तोडून शिकवतात, हे तिनं आधी सांगितलं. मग म्हणाली, भूगोलाला अर्धं वर्ष शिक्षकच नव्हते. पुढे काय शिकता येतं, कुठली परीक्षा कधी द्यायची, हे सांगणारी एकही सीनियर मला भेटली नाही, कारण माझ्या सीनियर लग्न होऊन गेल्या... हे सगळं अगदी शांतपणे, घरातली गोष्ट सांगावी तसं.

शेवटी त्या पुण्याच्या मुलाकडे वळली. "दादा, तुमचं भाषण लई भारी झालं. जिद्द तर आमच्याकडे बक्कळ आहे. एक वर्ष जागा बदलूया का?"

तो बिचारा कानापर्यंत लाल झाला, पण पहिली टाळी त्यानंच वाजवली. पहिला नंबरही त्यालाच मिळाला, सारिकाला दुसरा.

चहाच्या वेळी अण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मागे सारिका. माझ्या शेजारीच प्राचार्य, हातात सामोसा.

"मॅडम, ही बोलली त्ये खरं हाय, का बक्षिसापायी बोलायचं आसतंय आसं?"

झाली का पंचाईत! सांगण्यासारखं माझ्याकडेही खूप होतं हो... आमच्याकडूनही मुलं पुढे गेलीत, नोकऱ्यांना लागलीत, आणि तेही खोटं नाही. पण हा माणूस शनिवारचा धंदा सोडून, ढाब्याला कुलूप लावून आला होता. त्याला गुळमुळीत उत्तर द्यायला जीभ वळेना.

"खरं आहे, अण्णा," मी म्हटलं. "पूनमला पुण्याला पाठवा." प्राचार्यांकडे बघायची काही माझी हिंमत झाली नाही.

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. मग सारिकाला म्हणाले, "घालू तिला पुण्यात... पर पोरी, तुझ्या टायमाला का न्हाई बोललीस?"

"तवा मला तरी कुटं म्हाईत हुतं, अण्णा? हितं आले तवा कळलं."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी उगाचच रिकामे कप गोळा करायला लागले, नाहीतर तिथेच रडले असते.

आपल्याला जे मिळालं नाही, ते नकोच होतं असं म्हणणं किती सोयीचं असतं... मी स्वतः कितीदा म्हटलंय. ही पोरगी म्हणाली नाही. बहिणीची वाट मोकळी केली आणि सोमवारी पहिल्या तासाला आपली नेहमीच्या बाकावर हजर!

सारिका, बाई, तू माझ्या वर्गात बसतेस, याचा मला लई अभिमान वाटतो.