हिरव्या गाडीवरची रेघ

बातमीत महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत द्यायचं, हे मी तीस वर्षं इतरांना शिकवलं. आज मला ते जमत नाहीये. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण आधी गाडीबद्दल बोलतो. गाडीबद्दल बोलणं सोपं आहे.

स्लॉट कार म्हणजे पंजात मावेल एवढी गाडी. लाकडी ट्रॅकला खाच असते, गाडीच्या तळाची खुंटी खाचेत बसते, कडेच्या तारांतून वीज मिळते आणि गाडी पळते. माझी गाडी दुसऱ्या महायुद्धाआधीच्या एका रेसिंग कारची प्रतिकृती होती. लांब नाक, उघडी चाकं, गडद हिरवी. निवृत्तीनंतर परळच्या घरात मी ती वर्षभर बनवत होतो. मोटर, चाकं, सांगाडा माझा. रंग सुधाकरचा.

सुधाकर माझा चिंचपोकळीच्या चाळीतला जुना शेजारी, शाळेपासूनचा मित्र. गणपतीच्या कारखान्यात तो मूर्तींचे डोळे आखायचा. फक्त डोळे — बाकीचा रंग इतर लोक द्यायचे. मग त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात परत आला, पण डोळे आखण्याइतका आला का? कारखान्याचे मालक उत्तरासाठी थांबले होते. सुधाकरने ठरवलं, गाडीच्या कुशीवर नाकापासून शेपटापर्यंत केसासारखी एक पांढरी रेघ मारायची. जमली तर कामावर परत. नाही जमली तर नाही.

रविवारी संध्याकाळी त्याने ती मारली. एका दमात. मी शेजारी उभा होतो. रेघ सरळ होती.

तो मात्र हसला नाही. ओल्या रेघेवर त्याचा विश्वास नव्हता. हात कापला असेल तर रंग कमीजास्त पडतो, आणि ते वाळल्यावर दिसतं, असं तो म्हणायचा. जाताना मला बजावलं, "मेल्या, हात लावू नको हां. उद्या उजेडात कळेल काय ते."

मी हात लावला.

का? पुरी झालेली गाडी एकदा पळताना बघायची होती — एवढंच. घरातल्या ट्रॅकवर, दुसऱ्या फेरीला, वळणावर, ती खाचेतून उडाली. पडायच्या आत मी झेलली आणि माझा अंगठा रेघेवर आला. तिथेच थांबलो असतो तर निदान माझा ठसा तरी राहिला असता. मी बारीक ब्रश घेऊन ती नीट करायला गेलो. रेघ दोन जागी जाड झाली, एका जागी वाकली.

दुसऱ्या दिवशी सुधाकरने गाडी खिडकीशी नेली. बराच वेळ फिरवून बघितली.

"गेला रे हात," तो म्हणाला.

किती शब्द लागले असते मला? तीन? चार? मी म्हणालो, "एवढं काही दिसत नाही रे." म्हणजे दिसतंय — हे मीच कबूल केलं, त्याच्या हाताच्या नावावर. त्याने माझ्यासमोरच मालकांना फोन लावला. "यंदा दुसरं कोणतरी बघा, शेठ. नायतर बाप्पा तिरळा बघायचा." आणि हसला.

पुढची सहा वर्षं तो मूर्तींचे पाट आणि उंदीर रंगवत होता. उंदरांचे डोळेही दुसराच कोणी काढायचा. मी दर वर्षी ठरवायचो — हा हंगाम होऊ दे, मग सांगू. दरम्यान मी ती रेघ खरवडून काढली, त्या जागी बाजारातली तयार पांढरी पट्टी चिकटवली, वरून लॅकर मारलं. गाडी पूर्ण झाली. लोक कौतुक करतात.

गेल्या वर्षी सुधाकर गेला. दिवस झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "रोज सकाळी काचेच्या तुकड्यावर रेघा मारायचे. आणि वाळायच्या आत पुसून टाकायचे. मी म्हणायची, अहो, सरळ तर आहेत. तर म्हणायचे, तुला नाय कळायचं."

तेव्हाही सांगता आलं असतं. वहिनींनी चहा दिला होता. मी तो संपवला आणि निघालो.