इंग्रजी पिक्चरमधली राखी

आमच्या सौंसरमध्ये इंग्रजी एकाच माणसाला येतं, अशी गावाची पक्की समजूत होती, आणि तो माणूस म्हणजे माझे वडील. मराठी शाळेत ते इंग्रजी शिकवत. कुणाची तार आली की आमच्या ओट्यावर, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असलं की आमच्या ओट्यावर. घरात दुसरी काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हती, त्यामुळे हा मान वडील फार जपत.

त्या दिवसांत रविवारी दुपारी कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात व्हीसीआर लागायचा. खिडक्यांना पोती लावून अंधार करायचे. पिक्चर इंग्रजी असला की वडील शाळेची छडी घेऊन टीव्हीशेजारी उभे राहत आणि अर्थ सांगत. अर्थाशिवाय इंग्रजी पिक्चर पाहणं आमच्याकडे कुणाला सुचतच नव्हतं.

आता खरं सांगायला हरकत नाही. वडिलांचं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं होतं. त्या पुस्तकातली माणसं सावकाश आणि पूर्ण वाक्यात बोलत. टीव्हीवरची माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलत, तीही धावताना आणि गोळ्या झाडताना. तेव्हा वडील डोळ्यांना दिसेल त्यावरून गोष्ट रचत आणि कानांवर पडेल ते सोडून देत.

मी दहावीत असताना आकाशातून उतरलेल्या यंत्रांशी लढणाऱ्या एका बहाद्दराचा पिक्चर आला. त्यात एक मुलगी त्याच्या मनगटाला काहीतरी चकाकतं यंत्र बांधते. पुढच्या रांगेत सगळ्या बाया बसलेल्या. वडिलांनी छडी टीव्हीवर टेकवली आणि जाहीर केलं, "बहीण भावाले राखी बांधून राहिली." पुढे ती दोघं जवळ येऊ लागली तसा त्यांनी व्हीसीआरवाल्याला डोळ्याने खूण केली, आणि त्याने बटण दाबून तेवढा भाग पळवला. शेवटी बहाद्दर यानात बसून आकाशात निघून गेला आणि ती खाली रडत उभी राहिली. अख्खं गोदाम रडलं. शेजारच्या बोरगावची एक मावशी तर पुढची चार वर्षं दर राखीला विचारायची, "सर, तो भाऊ परत येते का नाही जी?" वडील गंभीरपणे सांगत, "दुसरा भाग निघणार हाये."

मधल्या काळात मी नागपूरला बी.ए. करायला गेले, इंग्रजी घेऊन. होस्टेलवर एकदा मोठ्या कौतुकाने मी हा राखीचा प्रसंग सांगितला. खोलीतली मुलगी पलंगावर लोळून हसली. "अगं, ती प्रेयसी आहे त्याची," ती म्हणाली. मग तिने ही गोष्ट सगळ्या मजल्यावर सांगितली. वर्षभर मला मुली 'राखी' म्हणून हाक मारत. मला वडिलांचा असा राग आला होता की सुट्टीत त्यांच्याशी धड बोलवत नव्हतं. दुसरा भाग येऊ दे, चारचौघांत यांची फजिती करते, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

तो आला दिवाळीच्या सुट्टीत. पांढुर्ण्याच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने नागपूरहून कॅसेट आणली, आणि ती त्याने स्वतःच बनवली असावी अशा ऐटीत तो खुर्चीवर बसला. बोरगावची मंडळी सायकलींवर आली. मावशी पहिल्या रांगेत.

यान उतरलं. बहाद्दर बाहेर आला. मावशीने डोळ्याला पदर लावला. ती मुलगी धावत आली आणि त्याने तिला जवळ घेऊन तिच्या ओठांचा मुका घेतला. तोही साधासुधा नाही, लांबलचक. व्हीसीआर नवा होता, व्हीसीआरवाल्याला बटण सापडेना.

मग मावशी म्हणाली, "सर, हे काय पाहून राहिलो जी आपण?"

वडिलांची छडी हवेतच राहिली. मागून किराणा दुकानदार उठला. "सर, तुमची पोरगी नागपूरले इंग्रजीच शिकून राहिली ना? तिले सांगू द्या. शब्द न् शब्द सांगू द्या."

होस्टेलवर हसं झाल्यापासून मी याच क्षणाची वाट पाहत होते. मी उठले. वडील माझ्याकडे बघत होते, आणि मला ते बरं वाटलं. तेवढ्यात बहाद्दर बोलू लागला. मी कान टवकारले. मला दोन शब्द कळले, 'यू' आणि 'नाऊ', आणि ते सगळ्या गोदामाला माझ्याइतकेच कळले होते.

आमच्या कॉलेजात इंग्रजीचे सर कविता मराठीतून समजावत आणि उत्तरं आम्ही गाईडमधून पाठ करत असू. त्या पाठांतरावर मला फर्स्ट क्लास मिळाला होता. ती बहीण नाही, असं मी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तो बोलून काय राहिला? त्याचं उत्तर गाईडमध्ये नव्हतं.

"हा तिचा भाऊ नाहीच," मी म्हणाले. "खरा भाऊ वर कैदेत हाये. हे त्याच्या रूपातलं मशीन हाये. तिले फसवून राहिलं."

वडील क्षणभरही थांबले नाहीत. "हेच मी सांगणार होतो," ते म्हणाले आणि छडी टीव्हीवर आपटली.

त्यानंतर जसा पिक्चर रंगला तसा मी आयुष्यात पाहिला नाही. नायकाला ठोसा बसला की शिट्ट्या. लोखंडी जबड्याचा खलनायक आला की टाळ्या. मावशी त्याला "मार, मार त्या मशिनीले," म्हणून ओरडत होती. शेवटी नायक जिंकला, त्याचं त्या मुलीशी लग्न लागलं, आणि गोदाम सुन्न झालं. "फसली बिचारी," मावशी म्हणाली आणि डोळे पुसत सायकलीच्या कॅरिअरवर बसली.

वडिलांची अब्रू राखायला मी खोटं बोलले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी माझी राखली. सोबत त्यांची राहिली.

घरी जाताना वडील खुशीत होते. वाटेत लोक नमस्कार करत होते, मलाही. गर्दी मागे पडल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"माह्यासाठी खोटं बोलली तू. समजते मले." मग थोडं चालून म्हणाले, "आता आपण दोघंच आहो. खरं सांग, तो तिले काय म्हणून राहिला होता? मले तर एक शब्द नाही समजला. ना तवा, ना आज."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मी चपलेकडे बघत चालत राहिले. ते थांबले, तेव्हा मलाही थांबावं लागलं.

"तुले बी नाही?" त्यांनी विचारलं.