मास्टरांना हवा होता एक कागद

२७ जानेवारी : तहसील कार्यालयात अर्ज. २ मे : स्मरणपत्र. १६ ऑगस्ट : दुसरे स्मरणपत्र. तिन्हींच्या पोचा माझ्याजवळ आहेत. उत्तर एकाचेही नाही. जबाबदार : शेरा न मारणारे अधिकारी, अर्ज गठ्ठ्याखाली सरकवणारे लिपिक आणि अंबड तालुक्यातल्या या गावचे आपण सारे. ज्यांच्यासाठी अर्ज केले, त्यांना तुम्ही ओळखता.

बसथांब्यामागचे शिंपी. आपण त्यांना मास्टर म्हणत असू. झेंडा हाती घेण्यापूर्वी ते कोपरापर्यंत हात धूत आणि समोरच्यालाही धुवायला लावत. मुख्याध्यापकांनाही त्यांनी सोडले नाही.

"सर, भजी खाऊन आले ना? साबण तिथं हाय. मंग द्या."

शाळा, सोसायट्या, पंचायती यांचे विटलेले, फाटलेले झेंडे ते मागून घेत आणि जालन्याहून आणलेले नवे देत. जुना झेंडा धुऊन, इस्त्री करून, चक्र वर राहील अशी घडी घालत. जाळायचाच तर इस्त्री कशाला, असे मी एकदा विचारले.

"साब, आमच्यात जाणाऱ्याला आंघोळ घालून, कोरं कापड घालून पाठवतेत. तुमच्यात न्हाई का?"

"आहे."

"मंग झालं बराबर."

निरुपयोगी झालेला ध्वज खासगीरीत्या, अखंड, मान राखून जाळावा, असा नियम आहे. मी न्यायालयातला निवृत्त शिरस्तेदार. माझ्या परसात मी नियम वाचून दाखवी, काडी ते लावीत. राख थंड होईपर्यंत दोघेही उभे राहत असू.

यंदाच्या २६ जानेवारीला शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी मोबाइल रोखला. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत घरोघरी पोचली. झेंडा जाळणारे मास्टर त्यात होते. शेजारी उभा असलेला मीही होतो. चौकीत मात्र त्यांनाच बसवून ठेवले. मी नियमाचे पुस्तक घेऊन गेलो, तेव्हा सोडले. बाहेर आल्यावर ते म्हणाले,

"साब, दोघं होतो ना आपण? तुमचं नाव कुणी घेतलंच न्हाई."

पुन्हा त्यांनी काडी ओढली नाही. झेंडे गोळा करणे, धुणे, इस्त्री करणे मात्र थांबले नाही. "एक कागद आणून द्या साब. शिक्क्याचा. हा माणूस करून राह्यला ते बराबर हाय, एवढंच लिवलेला."

दर शुक्रवारी नमाजानंतर ते माझ्या फाटकाशी येत.

"आला का?"

"नाही, मास्टर."

"येईल. सरकारी काम, जल्दी कसं होईल?"

अर्ज माझे, संताप माझा. धीर मात्र तेच मला देत.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी ते आले नाहीत. आदल्या दिवशी दुकानातच, इस्त्रीच्या टेबलाशी त्यांनी प्राण सोडला होता. चार दिवसांनी त्यांच्या पत्नीने पत्र्याची पेटी माझ्याकडे पाठवली. आत झेंडे. एकाचीही घडी मोडलेली नाही.

हे झेंडे मी आज एकटा जाळू शकतो. मला कोणी अडवणार नाही, चौकीत बसवणार नाही. म्हणूनच मी हात लावलेला नाही.

येत्या २६ जानेवारीला ध्वजारोहणानंतर, तिथल्याच ध्वनिक्षेपकावरून, सर्वांसमक्ष संबंधित अधिकाऱ्यांनी सांगावे : हात धुतल्याशिवाय झेंड्याला न शिवणाऱ्या या माणसाला एक ओळ लिहून देण्यात आपल्याला कोणती अडचण होती? पेटी घेऊन मी पहिल्या रांगेत बसलेला असेन.