दोरीचे दोन हिसके

अंटार्क्टिकावरच्या आमच्या संशोधन केंद्रात स्वयंपाकघरापासून जनरेटरच्या खोलीपर्यंत दोरी बांधलेली आहे. हिमवादळात स्वतःचा हातही दिसत नाही, म्हणून तिथल्या माणसाचा डबा मी ती दोरी धरूनच पोचवतो. पोचल्यावर दोनदा हिसका द्यायचा, म्हणजे इकडे आमचे आचारी मामा निर्धास्त होतात.

बाबा विहिरी खोदायचे. तळाला पाय टेकले की तेही दोरीला दोन हिसके द्यायचे. मग वर उभा असलेला मी श्वास सोडायचो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच; मी गेलो, तेव्हापासून दोरीजवळ काका उभे राहू लागले.

या हिवाळ्यात बाबा तापानं गेले. जहाज आता उन्हाळ्यातच येईल. तोवर मला घरी जाता येणार नाही.

आज डबा देऊन परतलो, तरी दोरी सोडवेना. नकळत दोन हिसके दिले.

"अरे लेका, कुणाला खुणावतोस? तू तर पोचलास की!" मामा दारातून ओरडले.

"आलोच मामा."

वाऱ्यानं दोरी नुसती थरथरत होती. बोटं बधिर होईपर्यंत मी ती धरून उभा राहिलो. विहिरीच्या तळातून यायचे, तसे हिसके काही आले नाहीत.