टॅलबर्ट्स मिलच्या पोत्यात परखी

लातूरच्या बाजार आवारात गुरुलिंग परखी मारतो. परखी म्हणजे लोखंडाची टोकदार, आतून पोकळ नळी. पोत्यात खुपसून ओढली की तळहातावर मूठभर माल येतो, आणि त्या मुठीवर पोत्याची पत ठरते. बत्तीस वर्षांत त्याचा नियम एकच राहिला. वरून मारायची नाही. वर सगळेच सोनं ठेवतात. मधे मारायची, तळाला मारायची. किडकी तूर, माती, उंदराच्या लेंड्या, माणसाची नियत, सगळं तळाला असतं.

दुपारी सौदा उरकला, हमाल भाकरीला बसले, की गुरुलिंग संगमेश्वर शेठच्या आडतीत बारदानाच्या थप्पीवर बसायचा आणि लेकीनं टाकून दिलेला लॅपटॉप मांडीवर घ्यायचा. चार वर्षांपूर्वी असाच बसला असताना इंटरनेटवरच्या, कुणीही भर घालावी अशा विश्वकोशात ‘कोणताही एक लेख’ असं बटण त्याच्या बोटाखाली आलं. समोर उघडलं अमेरिकेतलं एक गाव, टॅलबर्ट्स मिल. वस्ती चारशे बारा. गाव दोनशे तीस वर्षांचं आणि मजकूर चार ओळींचा.

"औशाच्या स्टँडवरच्या पाटीवर याच्यापेक्षा जास्त लिहिलंय," तो म्हणाला. त्याला त्या गावाची कीव आली.

मग तो लिहायला लागला. फाटका शब्दकोश शेजारी ठेवून त्यानं इंग्रजी पचवलं होतंच. नदी आली, पूल आला, पुरात गेलेलं चर्च आलं, दोन कोसांवरून निघून गेलेली रेल्वे आली. चार ओळींचे चौदा परिच्छेद झाले. गावातले एक पेन्शनर, वॉल्टर नावाचे, त्याला फोटो पाठवू लागले. आवारात त्याचं नाव पडलं ‘अमेरिका’.

"काय अमेरिका, तुझ्या गावात पेरण्या झाल्या का?" शेठ रोज विचारायचे.

यंदा तो लेख तपासणीला लागला. पास झाला तर त्यावर उत्तम लेखाचा तारा लागणार होता. दहावीच्या पुढं शाळा न बघितलेल्या माणसाला जगाकडून मिळणारी ती एकच शाबासकी. निकालाला आठवडा होता. शेठनं आवारभर पेढे कबूल केले होते.

तपासणाऱ्यानं एवढंच विचारलं, जिच्यावरून गावाला नाव पडलं ती गिरणी बांधली ते साल नक्की कुठलं? ते शोधायला गुरुलिंगनं तिकडच्या एका कॉलेजनं छापलेली जुन्या कागदपत्रांची सूची उघडली. गाव वसवणारा जोसाया टॅलबर्ट मेला तेव्हा त्याच्या मालमत्तेची केलेली यादी तिच्यात होती. खेचरं दोन. लोखंडी नांगर एक. हॅना, वय चाळीस. टॉम, एका हातानं अधू. बेक आणि तिचं तान्हं. आयझॅक, दगडकाम उत्तम. तांब्याचा हंडा एक. खुर्च्या सात.

त्यानं ते दोनदा वाचलं. पोत्याच्या तळाशी हात घालावा आणि मऊ, ओला, मेलेला उंदीर बोटांना लागावा, तसं झालं.

कारण लेखाची पहिलीच ओळ होती, ‘ही गिरणी जोसाया टॅलबर्ट यांनी स्वतःच्या हातांनी बांधली.’ आणि ती ओळ दुसऱ्या कुणी नाही, गुरुलिंगनंच लिहिली होती. टॅलबर्ट घराण्यानं छापलेल्या गुळगुळीत पुस्तिकेवरून.

का लिहिली? त्याच्या घरी दर चार-पाच वर्षांनी हेळवी यायचा. बैलावर चोपडी लादून येणारा, अंगणात बसून घराण्याची वंशावळ वाचणारा. सगळं घर हात जोडून ऐकायचं. हेळव्याला पुरावा मागणं म्हणजे बापावर संशय घेणं. एका वर्षी बापानं दोन पोती ज्वारी घातली, तेव्हा पणज्यानं वाघ मारल्याचं निघालं. आदल्या खेपेला पायलीभरच घातली होती, तेव्हा तो लांडगा होता. पोरं हसली, म्हातारी रागावली, वाघ कायम झाला. त्याच सवयीनं गुरुलिंगनं टॅलबर्टांची चोपडी हात जोडून वाचली होती. जन्मभर तळ तपासणारा माणूस, आणि इथं वरचीच मूठ उचलून मोकळा झाला.

त्यानं वॉल्टरला कळवलं. उत्तर तासाभरात आलं, फार गोड. ‘मित्रा, त्या लोकांना टॅलबर्टांनी घरच्यासारखंच वागवलं. तपासणीच्या आठवड्यात ही घाण कशाला? तारा मिळू दे. नंतर खाली कुठंतरी एक ओळ टाकू.’

"घरच्यासारखं!" गुरुलिंग मोठ्यानं म्हणाला. "घरच्या माणसाला नांगराच्या खाली लिहितेत व्हय?"

त्या गोडव्याची त्याला शिसारी आली. पण खरी शिसारी पुढंच होती. तो सल्ला त्याला पटत चालला होता. आठवडाच तर आहे. दोनशे वर्षं थांबलेली माणसं अजून आठ दिवस थांबतील. दोन दिवस त्यानं काही केलं नाही. परखी मारली, चहा प्याला, आणि प्रत्येक घोटाला तोंड कडू होत गेलं.

तिसऱ्या दिवशी मल्लम्मा आडतीत झाडत होती. सांडलेलं धान्य गोळा करणारी, गुरुलिंगच्याच वयाची.

"अमेरिकेत कोन मेलं का, आप्पा? तोंड कडू करून काय बसलाव?"

त्यानं सांगितलं. यादी वाचून दाखवली. खेचरं, नांगर, हॅना, टॉम.

"त्यायला आडनावं न्हाईत का?"

"न्हाईत."

"हाव. म्हंजे माझ्यावानीच." तिनं झाडूच्या दांड्यानं भिंतीकडं दाखवलं. "मला वाचता येत न्हाई. माझं नाव तेवढं वळखते. ते बघा, सुतळीच्या खाली हाय."

दाराजवळ पाटी होती. सौद्याआधी बाहेर काय काय काढायचं याची. अकरा वर्षांपूर्वी दसऱ्याला रंगवलेली. वजनकाटा, परखी, ताडपत्री, सुतळी, मल्लम्मा, टोपल्या. अक्षर सुरेख होतं. गुरुलिंगचं होतं.

ती हसली, टोपली उचलून निघून गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

गुरुलिंगनं लॅपटॉप ओढला. पहिली ओळ काढली. जागी लिहिलं, की जोसाया टॅलबर्टनं माणसं गुलाम म्हणून ठेवली होती, त्यांची नावं ही, त्यांतल्या आयझॅकला दगडकाम येत असल्याची नोंद आहे. गिरणीचे दगड कुणी रचले हे मात्र कुठलाच कागद सांगत नाही. आयझॅकनंच रचले असं लिहायला हात शिवशिवत होता. नाही लिहिलं. तोही मग वाघच झाला असता.

वॉल्टरनं तासात ते उडवलं. गुरुलिंगनं परत घातलं. पुन्हा उडालं, पुन्हा घातलं. शनिवारी निकाल आला. लेखात वाद चालू आहे, तारा नाही. नावं तळच्या परिच्छेदात राहू द्यावीत, वरच्या ओळीचं आपसात मिटवावं.

"बरं झालं, पेढे वाचले," शेठ म्हणाले. "चारशे लोकांच्या गावासाठी नाक कापून घेतलंस, अमेरिका. तू तुरीत लक्ष घाल."

सोमवारी गुरुलिंगनं मल्लम्माला तिचं पूर्ण नाव विचारलं.

"कशाला? रेशन कार्डातनं काढायलाव का मला?" ती टोपली छातीशी धरून दोन पावलं मागं सरकली. नाव तिनं सांगितलं नाही.

मग त्यानं परखीच्या टोकानं पाटीवरचं मल्लम्माचं नाव खरवडलं. सुतळी आणि टोपल्यांच्या मधे एक पांढरट चट्टा राहिला.

दुपारी सौदा उरकल्यावर त्यानं लेख उघडला. वॉल्टरनं पहिल्या ओळीत पुन्हा जोसायाचे स्वतःचे हात चढवून ठेवले होते. गुरुलिंग उठला, नळावर हात धुतले, कोरडे केले, आणि येऊन जोसायाचे हात पुन्हा उतरवले.