अण्णाने गुण्यात आणलेली जाळी

उणकलहून फोन आला तेव्हा मी हुबळीत केशवापूरच्या घरी कणीक मळत होते. अण्णाच्या शेडशेजारी टायरचं दुकान आहे, त्याच्या मालकांचा फोन. "अक्का, ऑटो करून लगेच या. अण्णा खाली बसलेत… उठत नाहीत." मी हात तसेच पदराला पुसले आणि निघाले. ऑटो शेडसमोर थांबला आणि उतरण्याआधीच मला कळलं. कटिंग मशीन बंद होतं. भर सकाळी त्या शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. अण्णा पत्र्याच्या भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसला होता, जेवण झाल्यावर बसायचा तसा. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, फार त्रास झाला नसेल. त्याला आता काही आठवडे झाले, पण मी अजून त्या रस्त्याने बसमधून जाताना कान टवकारते, मशीनच्या आवाजासाठी.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, दत्तात्रय. आम्ही मूळचे अळनावरजवळच्या एका खेड्यातले. तो तरुणपणीच हुबळीला आला, लोखंडाच्या कामात शिरला. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मी लग्न केलं नाही, विद्यानगरच्या एका कॉलेजात कारकून होते. असे आम्ही दोघं भाऊबहीण एका घरात म्हातारे झालो. अण्णा जाळ्या करायचा. गटारांवरच्या, जिन्याच्या पायऱ्यांच्या, गिरणीत वर चढून चालायच्या. पट्ट्या कापून चौकटीत मांडायच्या आणि जाळी गुण्यात आणायची, म्हणजे चारही कोपरे काटकोनात बसवायचे. त्यासाठी टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका धरायचा, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली तर ठीक. नाही तर लांब पडणाऱ्या कोपऱ्यावर हातोडीची हलकी थाप, आणि पुन्हा टेप. एकदा वेल्डिंग झालं की वाकडेपण कायमचं, म्हणून त्याआधी त्याचं समाधान व्हावंच लागायचं. टेपचं दुसरं टोक धरायचे त्याचे जोडीदार मल्लप्पा, आणि मग वेल्डिंगही तेच करायचे.

मल्लप्पा उणकलचेच. ते कन्नड बोलायचे, अण्णा मराठी, आणि दोघांचं कधी काही अडलं नाही. तसं बोलणं होतंच कुठे? मशीनचा कर्कश आवाज, त्यावर हातोडी. दोघं हातांनी बोलायचे. मल्लप्पा भुवई उडवायचे, अण्णा एक बोट वर करायचा, की झालं. त्या आवाजानेच अण्णाचे कान गेले. आधी फोन ऐकू येईना, मग दारावरची बेल, मग मी. कानात घालायचं यंत्र आणलं, तर दोन दिवसांत काढून कपाटात टाकलं. "भांडी लई वाजतात ग त्यातनं," म्हणाला. "माणसांचं काय कळत नाही, भांडीच नुसती."

धारवाडला एका भाचीचं लग्न होतं. पंगतीत कुणीतरी विचारलं, "काय अण्णा, तब्येत काय म्हणते?" अण्णा हसत म्हणाला, "वाढलंय, वाढलंय, पोटभर झालं." सगळे हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. अण्णाही हसला, आणि हसता हसता माझ्याकडे बघितलं, काय विचारलं होतं ते माझ्या तोंडावरून कळतंय का म्हणून. त्यानंतर तो कुठल्याच लग्नाला आला नाही. "तू जाऊन ये की," एवढंच म्हणायचा, आणि बस पकडून शेडला जायचा. शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्या एका जागी तो बहिरा नव्हता.

मग मल्लप्पांचे डोळे गेले. इतकी वर्षं त्या ठिणग्यांकडे बघून हळूहळू धुरकट दिसायला लागलं, आणि त्यांचा मुलगा त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. निघायच्या दिवशी मीही शेडवर होते. दोघं कट्ट्यावर बसून चहा प्यायले. उठताना मल्लप्पा काहीतरी म्हणाले. ऑटो लांब गेल्यावर अण्णाने विचारलं, "काय म्हणाला ग?"

"बर्तेनि म्हणाले. येतो म्हणाले."

"मग येईल," अण्णा म्हणाला, आणि कप विसळायला गेला.

त्यानंतरचे दिवस मला अजून जड जातात. वेल्डिंगला रोजंदारीवर कुणी ना कुणी यायचा, पण तो आपलं काम करून निघून जायचा, अण्णाच्या हाताकडे कुणी बघायचं नाही. टेपचं टोक अण्णा विटेखाली दाबून ठेवायला लागला. ते घसरायचं. हा परत चालत जाऊन बसवायचा. एकदा डबा द्यायला गेले आणि हे बघितलं, मला राहवेना. मी पायातली चप्पल काढली, कोपऱ्यावर बसले आणि टोक धरलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मापं जुळली तेव्हा बोट वर केलं. त्या दिवसापासून जेवणाचा डबा घेऊन मी रोज जायला लागले. घरी आम्ही एकमेकांना काही सांगायचं म्हटलं की ओरडावं लागायचं, दोघंही दमायचो. तिथं ओरडावं लागत नव्हतं.

गावाकडून चुलतभावाचा, विठ्ठलचा, फोन आला. मळ्यातली आमची जुनी चौकोनी विहीर उघडी होती, शेजाऱ्यांचं वासरू आत पडून मेलं होतं. अण्णाने जाळी करून दिली तर बरं होईल, म्हणाला. मी हे अण्णाच्या कानाशी ओरडून सांगितलं. किती वर्षांनी त्याच्या तोंडावर उत्साह बघितला. माप घ्यायला आम्ही दोघं गावी गेलो. विहिरीच्या तोंडाला टेप लावून तो मोठ्याने हसला. "शकू, विहीर गुण्यात नाही ग! आजोबांनी वाकडीच बांधलीय." मग म्हणाला, विहीर असू दे वाकडी, आपण जाळी चहूबाजूंनी थोडी मोठी आणि सरळ करू, दगडावर बसेल. काम झालं तरी तो काठावरून हलेना. लहानपणी आम्ही त्या विहिरीत वाकून एकमेकांची नावं घ्यायचो आणि ती परत यायची. अण्णा वाकला. मी घाबरून त्याचा शर्ट धरला. "शकूऽऽ," त्याने हाक मारली, खूप मोठ्याने. खालून माझं नाव वर आलं, पाण्यावरून भिजून आल्यासारखं. त्याने वळून विचारलं, "आलं का परत?"

मी मान हलवली. "आलं."

"मग झालं," तो म्हणाला. त्याने पुन्हा हाक मारली नाही.

त्या जाळीसाठी त्याने पट्ट्या कापल्या, कडा कानशीने घासल्या, आम्ही दोघांनी मापं घेतली. दोन भागांत होती, मधे पाणी शेंदायला झाकण. पहिला भाग गुण्यात आला, दुसराही आला. वेल्डरला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. त्या दिवशी मी डबा घेऊन निघायच्या आधीच उणकलहून तो फोन आला.

मल्लप्पा तेराव्याला आले, मुलाचा हात धरून. घरी थोडं बसले आणि म्हणाले, शेड दाखवा. टेबलावर जाळी अण्णाने ठेवली होती तशीच होती. मी कुणाला हात लावू दिला नव्हता. मल्लप्पांनी चष्मा काढला, त्याचा तसा उपयोगच नव्हता, आणि अंगठा एका कडेवरून कोपऱ्यापर्यंत नेला, मग दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्या कोपऱ्यावर हात थांबला. "सरि ऐती," म्हणाले. बरोबर आहे. मग शेडच्या रिकाम्या बाजूकडे तोंड करून पुन्हा, मोठ्याने, "सरि ऐती, दत्तू." त्यांच्यासमोरच वेल्डरने टाके मारले. मल्लप्पा स्टुलावर बसून राहिले, दिसत नसलेल्या ठिणग्यांकडे तोंड करून, डोळे मिटून. विठ्ठलने टेम्पो आणून जाळी नेली. विहिरीवर ठेवली तेव्हा कुठेही हलली नाही. गावातल्या शेळ्या आता तिच्यावर बसतात म्हणे.

मल्लप्पा परत गेले. शेड भाड्याची होती, मालकाने ती दुसऱ्या कुणाला दिली. मी दिवसभर घरी असते आणि घरात आवाज नसतो.

अण्णाला जेवायला हाक मारून उपयोग नसायचा. म्हणून ताट वाढलं की मी बाहेरून त्याच्या खोलीच्या दिव्याचं बटण खाली-वर करायची. दिवा लुकलुकला की तो "आलो, आलो" म्हणत यायचा, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्याने. स्वतःचा आवाज त्याला कुठे कळत होता… परवा संध्याकाळी आमटी उतरवली आणि हात आपोआप बटणाकडे गेला. दिवा लागला, विझला, लागला. आत नीट अंथरलेली कॉट, खुंटीवर त्याचा कामाचा शर्ट. मी थोडा वेळ दारात उभी राहिले. मग दिवा तसाच चालू ठेवला आणि जेवायला बसले.