काकांचा विजेचा सापळा

“उंदीर काय न्हाऊन येतोय होय, ओले पाय घेऊन?” आत काका म्हणाले आणि काकू हसल्या.

मी मागच्या पडवीत घोंगडीवर बसले होते. बाजूला बसायचा माझा दुसरा दिवस होता. त्या दिवसांत घरात पाऊल टाकायचं नाही, कशाला शिवायचं नाही, आणि काकू सोवळ्यात असल्या तर तोंडही मिटून ठेवायचं. दुपारी काकू ताट सरकवायला आल्या तेव्हा मी हळूच एवढंच म्हणाले होते, की काकांच्या त्या सापळ्याला ओल्या पायाने शिवू नये. तेच त्यांनी संध्याकाळी काकांच्या कानावर घातलं होतं.

“तिच्या इंग्रजी शाळेत पियानो शिकवतात,” काका पुढे म्हणाले. “विजेच्या तारा नाही शिकवत.”

तारा शिकवल्या होत्या. पण आमच्या बाईंनी त्या इंग्रजीत शिकवल्या होत्या, आणि ते सगळं मराठीत कसं सांगायचं हे मला सुचेना. मी भाकरी मोडत राहिले.

सापळ्याची घाई उगाच नव्हती. आमच्या गल्लीत दोन घरं सोडून उंदीर मरून पडले होते. प्लेग म्हटलं की नव्या पेठेतले पैसेवाले लोकसुद्धा पेटी बांधून माळावर झोपड्या घालायला निघत. आमच्या कोठीत पोती होती आणि रोज सकाळी ज्वारी सांडलेली दिसायची. तारेच्या पिंजऱ्यात उंदीर शिरेनात. मग काकांनी ते कामाला होते त्या गिरणीतल्या वायरमनला विचारून स्वतःच खटपट केली. लांबरुंद फळी, तिच्यावर बोटभर अंतराने ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, मधे खोबऱ्याचा तुकडा. माजघरात नुकताच विजेचा दिवा आला होता. त्याच्या होल्डरला काकांनी दुसरं तोंड जोडलं आणि तिथून वायर थेट कोठीच्या दारापर्यंत आणली. बटण एकच. दिवा जळतोय तोवर पट्ट्यांत वीज आहे, ही त्यांनी सगळ्यांना सांगितलेली खूण. रात्री ते बटण दाबायचे आणि उजाडताच बंद करायचे. फळी उचलायचं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसे. सकाळी काकू आंघोळ करून ओलेत्याने यायच्या, ती पायानेच बाजूला सारायच्या आणि नैवेद्याचे तांदूळ काढायला कोठीत शिरायच्या. माझी आई गेल्यावर मला याच काकूंनी वाढवलं. वडील नोकरीसाठी बार्शीला होते.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा माजघरातला दिवा विझलेला होता. वीज पहाटेच गेली होती. समोरच्या घरातही अंधारच होता. गिरणीचा भोंगा झाला. काका धोतराचा सोगा सावरत माजघरातून गेले. त्यांनी दिव्याकडे एकदा पाहिलं, भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं नाही. विझलाय म्हणजे बटण बंद झालंय, असं त्यांना वाटलं असावं. ते गेले. न्हाणीघरातून तांब्याचा आवाज येत होता. काकू आंघोळ करत होत्या.

पडवीतून मला सरळ दिसायचं: आधी स्वयंपाकघर, त्याच्या उजव्या हाताला कोठीचं दार, दारात ती फळी, आणि समोर उघड्या दारातून माजघर. मी वेणी सोडत होते. मान वर केली तर दिवा जळत होता.

पिवळा, बारीक, दिवसाउजेडी मिणमिणता. वीज परत आली होती.

न्हाणीघराचं दार वाजलं. काकू माझ्यापासून अंतर राखून अंगणाच्या कडेने आल्या. लुगड्यातून पाणी निथळत होतं. ओठ हलत होते, म्हणजे स्तोत्र चालू होतं. त्या मागल्या दाराने आत गेल्या आणि फरशीवर एकामागून एक ओली पावलं उमटली.

“काकू,” मी म्हणाले.

मी पुन्हा हाक मारली. त्यांनी मागे न बघता हाताने गप्प राहायची खूण केली.

“काकू, दिवा!”

त्यांनी माजघराकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. “जळू दे की. त्या बटणाला आता कोण शिवणार? हे आले की विझवतील. आणि तू सोवळ्यातल्या माणसाशी बोलतेस होय गं? शाळेत हेच शिकवलं?”

त्या कोठीकडे वळल्या. मी उठून उभी राहिले. उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. धावले असते तरी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी पाय पडला असता. आणि पाय पडल्यावर त्यांना धरलं असतं तर दोघीही चिकटलो असतो. बाईंनी तेही शिकवलं होतं. मग काय सांगायचं? पाण्यातून वीज वाहते म्हणून? काल सांगितलं ते त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. धोका आहे म्हणून? काकू तर रोजच फळी पायाने सारायच्या. त्यांच्या लेखी तिच्यात धोका असा काही नव्हताच.

काकूंनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली. लुगड्याचा काठ किंचित उचलला. उजवा पाय पुढे केला. टाचेवरून एक थेंब सुटून फरशीवर पडला. काकू कशाला घाबरतात हे मला ठाऊक होतं, आणि ती वीज नव्हती.

घरात कुणी माझा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता, मीसुद्धा. शेजारच्या अंगणातलं धुणं आपटायचं थांबलं. काकूंनी विंचू दिसावा तसा पाय मागे ओढला आणि त्या दोन पावलं सरकून भिंतीला टेकल्या. कारण मी ओरडले होते, “काकू, त्या फळीला मी शिवलेय!”